जुन्या लॅपटॉपवरून घरात वायफाय वाटता येईल का? (गावचं घर, चिऱ्याच्या भिंती)

पडवीतला_पाहुणा:
मंडळी, गणपतीला पंधरा दिवस राजापूरला गावी जातोय, त्यातले आठ दिवस तिथूनच ऑफिसचं काम करायचंय. आमच्याकडे नेट नाही, शेजारी काकांकडे फायबर आहे आणि पासवर्ड काकांनी स्वतः दिलाय, त्यामुळे चोरीबिरीवरून भाषण देऊ नका. तर त्यांचं वायफाय आमच्या पडवीच्या खिडकीपर्यंत बऱ्यापैकी येतं आणि माजघरात गेलं की एक दांडी पण नाही, भिंती चिऱ्याच्या, दीड फुटी. पडवीत बसून मीटिंग करावी तर तिथे दिवसभर आल्यागेल्याचा राबता. माझ्याकडे २०१२ चा एक लॅपटॉप पडून आहे, आय थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज ७. त्यानं नेट पकडायचं आणि आत वाटायचं असं होतं का? की सरळ काही विकत घेऊ?

तारवाला:
होतं की. विंडोज ७ मध्ये एकच वायफाय कार्ड नेट घेतं पण आणि देतं पण, होस्टेड नेटवर्क म्हणतात त्याला. आधी तुझं कार्ड ते करतं का बघ, कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स टाक (इंग्रजीत टाक रे बाबा), तिथे होस्टेड नेटवर्क सपोर्टेडच्या पुढे येस पाहिजे. मग नाव आणि किमान ८ अक्षरी पासवर्ड देऊन चालू करायचं आणि मूळ वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगच्या टॅबवर टिक मारायची. ही टिकच लोक विसरतात, मोबाइल जोडला जातो, दांड्या फुल्ल आणि नेट शून्य, मग नवीन धागा काढतात. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की चालू करायची कमांड परत द्यावी लागते हे पण लक्षात ठेव.

लिनक्सवाली_ताई:
तारवाला बरोबर सांगतायत, पण एकाच कार्डाकडून दोन्ही कामं म्हणजे एकाच बाईनं विहिरीवरून घागर आणायची आणि घरात तिनंच सगळ्यांना वाढायचं. आणते तेव्हा वाढत नाही, वाढते तेव्हा आणत नाही. वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत, ऑफिसचं काम त्याच्यातून जाऊ देऊ नकोस. विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाक, ४ जीबीत आरामात चालते. फक्त तिथे हॉटस्पॉट चालू केला की कार्ड बहुतेक वेळा आधीचं वायफाय सोडूनच देतं, म्हणून एक यूएसबी डोंगल घे, सिमवाला नव्हे, नुसता वायफाय पकडणारा. डोंगलनं पकडायचं, आतल्या कार्डानं वाटायचं. उलटं नको, स्वस्तातले डोंगल लिनक्सवर हॉटस्पॉट करायला फार नखरे करतात.

आणि मुख्य सांगते, डोंगल लॅपटॉपला खोचून ठेवू नकोस. तीन मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घे, डोंगल पडवीच्या खिडकीच्या गजाला बांध, लॅपटॉप आत माजघरात. तुझं भांडण भिंतीशी आहे ना, मग भिंत वायरीनं ओलांड. पाच मीटरच्या वर साधी वायर घेऊ नकोस पण, यूएसबी २ ची धाव तेवढीच.

चहाबाज:
एवढा कुटाणा कशाला राव, रिपीटर मोडवाला (म्हणजे आलेलं वायफाय पकडून पुढे वाटणारा) सेकंडहँड राउटर घ्या आणि मोकळे व्हा. लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून २० वॉट धरला तरी दिवसरात्र चालवला तर महिन्याला १४-१५ युनिट, राउटरला त्याच्या पाव-तिसरा हिस्सा लागतो.

पडवीतला_पाहुणा:
चहाबाज, कायमचं असतं तर ऐकलं असतं, पंधरा दिवसांसाठी घरात अजून एक डबडं आणलं तर बायको मला पण अडगळीत टाकेल. काकांकडून लॅन केबलच ओढली तर? मधे अंगण आहे, ४० फूट असेल.

तारवाला:
अंतराचा प्रश्न नाही, लॅन १०० मीटर जाते. पण भाद्रपदात तुमच्याकडे संध्याकाळी विजा कशा कडाडतात ते तूच आठव. दोन घरांमधे उघड्यावरून तांब्याची तार ओढलीस तर जवळपास कुठे वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट उडू शकतात. आमच्याकडे एका संध्याकाळी राउटर आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही गेले, मी तेव्हापासून घराबाहेर केबल टाकत नाही. ताईंचा डोंगलच कर.

आणि बॅटरी काढून बघ. फुगली असेल, जरा जरी पोट आलं असेल तरी परत बसवायची नाही, नुसत्या चार्जरवर चालव.

पडवीतला_पाहुणा:
कालच घरी परत आलो, म्हणून रिपोर्ट देतोय. बॅटरी फुगलेलीच निघाली, काढून टाकली. मिंट टाकलं, डोंगल गजाला सुतळीनं बांधला आणि वरून दुधाची पिशवी उलटी घातली, पाऊस आत येतो म्हणून. लॅपटॉप माजघरातल्या फडताळात. पहिल्या दिवशी झाकण लावलं की नेट गायब, दोन तास डोंगलला शिव्या दिल्या, मग कळलं की झाकण लावलं की लॅपटॉप झोपतोय, पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकणाचं काही करू नको असं सांगितलं. त्यानंतर माजघरात १२ ते १५ एमबीपीएस, मीटिंगा व्यवस्थित. काकांचा प्रिंटर तेवढा आपोआप सापडत नाही, दोन नेटवर्क वेगळी पडतात म्हणून असावं.

एकच घोळ राहिला. बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की सगळंच बंद, आणि आई रात्री निजायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करते. सकाळी ९ च्या मीटिंगला दोनदा लटकलो. शेवटी फडताळाच्या बटणावर चिकटपट्टी मारली, तर तिनं ती काढली आणि बटण बंद करून पुन्हा नीट लावून ठेवली.