प्रार्थनेला अगरबत्ती लावली तर बिघडलं कुठे?

नगरची_भाकरी: परवा वसईला मैत्रिणीच्या आजींच्या मातीला गेले होते. चर्चमध्ये फादरांनी पेटीभोवती धूप फिरवला, ती साखळीची खळखळ, तो धूर, आणि खरं सांगते, आमच्या प्रोटेस्टंटांच्या साध्या उपासनेत कधी झालं नाही असं आत काहीतरी हललं. घरी येऊन प्रार्थनेला अगरबत्ती लावली तर सासूबाई म्हणे हे आपल्यात नसतं, हिंदूंचं आहे. अहो पण बायबलातल्या स्तोत्र १४१ मध्ये प्रार्थनेला धुपाचीच उपमा आहे ना?

पाळकाचा_पोरगा: सासूबाई बरोबर आहेत. उपमाच आहे ताई, धूप जाळा असं नाही म्हटलेलं. यशया १:१३ वाचा, तिथे देवाला धुपाचा वीट आलाय. आणि रोमी बादशहा डेसियसच्या छळात, म्हणजे २५० च्या आसपास, ज्या ख्रिस्ती लोकांनी रोमी देवांपुढे चिमूटभर धूप टाकून जीव वाचवला त्यांना मंडळीत 'धूप जाळणारे' असंच नाव पडलं होतं. उगाच नाही जुने लोक बिचकत.

वसईचा_मोगरा: अरे पण तिथे चूक धुराची होती की कोणापुढे जाळला त्याची? प्रकटीकरण ८ मध्ये देवदूत सोन्याचं धूपपात्र घेऊन उभा आहे आणि पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर धूर वर जातोय, ते पण पुसून टाकायचं का? आमच्या कॅथलिकांत शवपेटीला धूप देतात कारण त्या देहाचा बाप्तिस्मा झालेला असतो, तो पवित्र आत्म्याचं मंदिर होता, त्याचा मान म्हणून. आणि रोमनेच, म्हणजे व्हॅटिकननेच, १९६९ मध्ये भारतातल्या मिस्सामध्ये (आमच्या मुख्य उपासनेत) आपल्या पद्धतीची धुपाटणी, आरती चालेल म्हणून परवानगी दिलीये.

दम_लागतो: मान ठीके हो, पण पुढच्या बाकावर बसलं की माझा दम्याचा पंप बाहेर निघतो 😅

पाळकाचा_पोरगा: रोमचं आम्हाला बंधन नाही. प्रेषित पौल २ करिंथ २:१५ मध्ये सांगतो आपणच ख्रिस्ताचा सुगंध आहोत, मग माणसाच्या वागण्याला वास नसेल तर काडी लावून काय उपयोग. त्यापेक्षा तो पैसा गरिबांना द्या.

वसईचा_मोगरा: भावा हे वाक्य आधी कोण बोललंय बघ 😂 योहान १२. मरीयेने (येशूची आई नव्हे, दुसरी) येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावलं, अख्खं घर दरवळलं, आणि हे विकून गरिबांना का नाही दिलं म्हणत ३०० दिनारांचा हिशेब काढणारा कोण, तर येशूला पुढे पकडून देणारा यहूदा इस्कार्योत. ती जटामांसी आपल्या हिमालयातली. येशू म्हणाला तिला असू द्या, माझ्या उत्तरकार्याच्या दिवसासाठी आहे हे. सुगंध म्हणजे हेच रे, एकदा उधळला की परत बाटलीत भरता येत नाही.

पाळकाचा_पोरगा: मुद्दा घेतला. पण तिने रोज नाही ओतलं, एकदाच. रोजची काडी सवय होते, भक्ती नाही.

नगरची_भाकरी: एक सापडलं. योहान १९:३९, निकदेम नावाचा माणूस येशूच्या मृतदेहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो. अगरू! अगरबत्तीतलं अगर ते हेच. सासूबाईंना वाचून दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ते मेलेल्या माणसासाठी होतं, मी अजून जिवंत आहे, काडी विझव.