आबाजीच्या वहीतलं काडतुसाच्या दारूचं माप आज चालते का?

सावलीचा_पोट्टा:
राजेहो, एक विचाराचं होतं. आबाजीची .३१५ रायफल हाय, विलायती बीएसए कंपनीची, आता बाबांच्या लायसनवर. दिवाळीच्या साफसफाईत पेटीत त्यांची एक वही अन् रिकामी पितळी काडतुसं सापडली, बुडावर काइनॉक हे विलायती कंपनीचं नाव कोरेल हाय. वहीत कोणत्या गोळीमागं किती दारू ते सगळं मांडेल हाय. काका म्हणते नवीन काडतूस महाग पडते, लवकर भेटतही नाही, हेच भरू, डुकरं धानाची वाट लावून रायले, आवाज तरी होईन. मले धाकधूक हाय. चालते का?

जुना_आर्मरर:
पोरा, वही जपून ठेव, भरू काहीच नको. फौजेत हत्यारांच्या वर्कशॉपमधेच नोकरी गेली माझी. तेव्हा विलायती काडतुसात बहुतेक कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू असायची, शेवयांसारख्या लांब काड्या. ते आता कुठं भेटते? दुसरी दारू त्याच वजनानं टाकली तर जळायचा वेग वेगळा, नळीतलं प्रेशर भलतंच. प्रेशर तरी कसं मोजायचे, तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून, आता सेन्सर लावतात, दोन्हीचे आकडे जुळत नाहीत. बाहेरदेशात ज्यांना घरी काडतूस भरायची परवानगी हाय तेही नव्या मॅन्युअलशी ताडून सगळ्यात कमी मापापासून सुरू करतात. अन् पितळाचं ऐक, काडतुसाच्या बुडात दारू पेटवणारी टोपी असते, जुन्या टोप्यांत पारा असायचा, एकदा उडाली की पितळ आतून ठिसूळ, वरून चकाचक दिसते म्हणून काय झालं.

वकीलसाहेब_यवतमाळ:
आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ वाचा. लायसनशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, घरी भरणं म्हणजे बनवणंच. रायफलीचं लायसन असलं तरी ती मुभा भेटत नाही. आणि डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. आवाजच पाहिजे तर सुतळी बॉम्ब आणा ना बाप्पा.

धानवाला_गोंदिया:
माह्या मामाची बाराबोर अशीच गेली. जुन्या कागदावर ३ ड्रॅम (वजनाचं जुनं माप) लिहेल होतं, ते जुन्या काळ्या दारूचं माप, मामानं तेवढीच बिनधुराची तोलली, जी त्याच वजनात कितीतरी जोरदार, तेही सोनाराच्या काट्यावर, एकदम चोख. नळी घोड्याजवळून केळीच्या सालीसारखी उलगडली, डाव्या हाताची दोन बोटं गेली. अन् ग्रेन-ग्रामचा घोळ त्याहून बेकार, ग्रेन हे दारू तोलायचं बारीक माप, १ ग्रामात जवळपास साडेपंधरा ग्रेन बसते, वहीत नुसतं ‘ग्र’ लिहेल असलं तर काय समजशीन?

सावलीचा_पोट्टा:
आताच वही उघडून पाहिली. ‘ग्र’च लिहेल हाय, पुढचं पेनानं खोडेल. अन् मागच्या पानावर बाराबोरचं माप, कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक ‘काळी’. काकाले ते पान दाखवलं तर म्हणे चष्मा नव्हता. काडतुसं पेटीतच परत ठेवली, सोमवारी बाबा ठाण्यात जाऊन विचारते त्यांचं काय कराचं ते.