‘भारीतलं’ की ‘उच्चभ्रू’? घरपोच एशियन जेवणाचे शब्द

प्रश्न (सांगली): विश्रामबागेत माझी मावसबहीण थाई आणि जपानी जेवण घरी पोचवायचा व्यवसाय सुरू करतेय. चायनीजच्या गाडीवरचं नव्हे. साहित्य उत्तम, दरही त्या मानाने. मराठी मेनूकार्ड मी लिहितेय. ‘अपस्केल एशियन होम डिलिव्हरी’साठी कुणीतरी ‘उच्चभ्रू आशियाई गृहवितरण’ सुचवलं. वाचून जेवण मागवावंसंच वाटत नाही. काय लिहू?

उत्तर: ताई, ‘गृहवितरण’ आधी काढून टाका. वितरण धान्याचं होतं, बक्षिसांचं होतं. दूध, पेपर, गॅसची टाकी हे सगळं आपल्याकडे ‘घरपोच’ येतं, मग जेवणही घरपोचच यावं. ‘पार्सल’ मात्र वेगळं ठेवा. पार्सल म्हटलं की आपण जाऊन बांधून आणायचं, असंच बहुतेकांना वाटतं. दोन्ही सोयी असतील तर ‘पार्सल व घरपोच’ असं लिहा.

‘उच्चभ्रू’ हा इंग्रजी ‘हायब्रो’वरून बेतलेला शब्द. भ्रू म्हणजे भुवई. इंग्रजीत त्याचा रोख बौद्धिक अभिरुचीवर आहे, मराठीत तो पैसेवाल्यांकडे वळला. उच्चभ्रू वस्ती असते, उच्चभ्रू मंडळी असतात. करी उच्चभ्रू नसते. ‘पंचतारांकित’ही नको, तो दर्जा मुक्कामाच्या हॉटेलांचा. आपल्या बोलण्यात नेमका शब्द आहे: ‘भारीतलं’. भारीतली साडी, भारीतला तांदूळ. त्यात किंमतही येते आणि जिन्नस चांगला असल्याची खात्रीही. छापायला फार बोलीतला वाटला तर ‘उत्तम प्रतीचं’ लिहा.

‘आशियाई’बद्दल माझं मत ठाम आहे: इथे ‘एशियन’च ठेवा. आशियाई क्रीडा स्पर्धा म्हटलं की इराणपासून जपानपर्यंत सगळे देश त्यात येतात, आपणही येतो. जेवणाच्या संदर्भातला ‘एशियन’ बराच अरुंद आहे: चीन, जपान, कोरिया, थायलंड, व्हिएतनाम. ब्रिटनमध्ये ‘एशियन’ माणूस म्हणजे बहुधा भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी, हीसुद्धा एक गंमतच. त्यापेक्षा सरळ ‘थाई आणि जपानी’ लिहिलंत तर प्रश्नच मिटतो.

आणखी एक (सातारा): आमच्याकडे ‘नूडल्स खाल्ले’ आणि ‘नूडल्स खाल्ल्या’ दोन्ही ऐकू येतं. दुसरं बहुधा शेवयांमुळे. कार्डावर कोणतं? आणि पदार्थांची नावं मराठीत आणायची का?

उत्तर: दोन्ही चालतं, फक्त कार्डभर एकच ठेवा. नावांचं भाषांतर मात्र अजिबात नको. सुशीला ‘कच्च्या माशाचा भात’ म्हटलं तर ते चुकीचंच ठरेल, कारण सुशीची ओळख व्हिनेगर लावलेल्या भातावरून. तिच्यात काकडीही चालते. नुसत्या कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी.

नाव त्यांचं ठेवा आणि खाली दोन ओळी आपल्या शब्दांत लिहा. हॉटेलात वेटरला विचारता येतं. घरी मागवणाऱ्याच्या हातात फक्त कार्ड असतं. तिथे ‘लेमनग्रास’ लिहून लोकांना बिचकवू नका, तो आपल्या परसातला गवती चहा. थाई बेझिल सब्जाच्याच जातीची. ‘शेजवान’ हे चीनच्या सिचुआन प्रांताचंच नाव, पण तिथली जीभ बधिर करणारी मिरी आपल्या शेजवान चटणीत सहसा नसतेच, ती लाल मिरची आणि लसणाची. त्या मिरीचं जवळचं नातं आहे कोकणातल्या तिरफळाशी. ती खरोखर घातली असेल तर ‘तिरफळासारखी’ एवढं लिहा, ज्याच्या घरी कोकणातले पाहुणे येतात त्याला लगेच कळेल.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘शाकाहारी’. तो फार जपून वापरा. थाई करीच्या पारंपरिक वाटणात आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट असते आणि करीत वरून फिश सॉस पडतो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, पण मिसो सूपचं पाणी बहुधा सुक्या माशाचं. वर फक्त टोफू (सोयाबीनचं पनीर) तरंगताना दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. वाटणाची बाटली विकत आणत असाल तर आधी तिच्यावरचं लेबल वाचा. वाटण घरी करत असाल तर तसं अभिमानाने लिहा:

‘थाई ग्रीन करी (शाकाहारी). नारळाचं दूध, हिरवी मिरची, गवती चहा. वाटण घरचं; कोळंबी किंवा फिश सॉस नाही. भात वेगळ्या डब्यात.’