मळेवाल्याच्या वारसांत गुलामांची वाटणी

प्रश्न (सांगली) : आपल्याकडच्या वाटणीपत्रात जमीन, जनावरे, अगदी विहिरीच्या पाण्याची पाळीसुद्धा लिहिली जाते; व्हर्जिनियातील मळेवाला वारल्यावर त्याच्या गुलामांची वाटणी कशी होत असे?

उत्तर (वाई) : ताई, तिथले मळेवाले डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. विधवा मार्था यांना एक तृतीयांश हिश्श्याचा केवळ हयातभर उपभोग मिळाला; त्यामुळे त्यांचे दुसरे पती जॉर्ज वॉशिंग्टन यांना १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या १२३ गुलामांचीच मुक्तता लिहिता आली, कस्टिस मिळकतीतील १५३ जणांची नाही.

उत्तर (कराड) : सर्वांत क्रूर भाग पुढचा आहे. वॉशिंग्टन यांचे आणि कस्टिस मिळकतीतील गुलाम यांची आपसांत लग्ने झालेली होती आणि मूल आईच्या मालकाचे ठरे. मार्था १८०२ मध्ये वारल्यावर कस्टिस मिळकतीतील ते लोक त्यांच्या चार नातवंडांत वाटले गेले. मुक्त झालेल्या बापांची बायका-मुले इतरांच्या हिश्श्यात गेली.