'द गूनीज' : तुम्ही कधी, कोणाबरोबर पाहिलात?

परवा नऊ वर्षांच्या लेकीला 'द गूनीज' लावून दिला. रिचर्ड डॉनरचा १९८५चा चित्रपट, घरं वाचवायला खजिना शोधत निघालेल्या पोरांचा. माइकीने खिशातून दम्याचा पंप काढला तशी ती सरसावून बसली, कारण तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात तोच असतो. "आई, हाच हिरो आहे?" एवढं विचारलं आणि पुढे तासभर चकार शब्द नाही.
तुमचेही अनुभव येऊ द्या. शेवट फोडायला हरकत नाही, ४० वर्षं झाली!

*

आमच्या गिरगावच्या चाळीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. खोलीत पंधरा-सोळा डोकी, पोरांची इंग्रजीची बोंब. तरी नकाशा, चोर आणि भुयार कळायला भाषा कशाला लागते? गंमत वडिलांची. ते दारात उभ्याउभ्या बघत होते आणि त्यांना खजिन्याशी काही घेणंदेणं नव्हतं. गोल्फच्या मैदानासाठी त्या पोरांची घरं जाणार, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. आमच्याही मालकाला तेव्हा चाळ पाडायची होती. शेवटी गोट्यांच्या थैलीतून हिरेमाणकं निघतात आणि माइकीचा बाप कागद टराटरा फाडतो, तेव्हा पोरांच्याही आधी टाळी वाजवली ती वडिलांनी.

*

अमेरिकेत पोर्टलंडला असताना दोनेक तासांवरच्या ॲस्टोरियाला, म्हणजे चित्रपटातल्या गावाला, जाऊन आले. सुरुवातीला चोरांतला एक, फ्रटेली, ज्या तुरुंगातून पळतो, तिथे आता ऑरेगन फिल्म म्युझियम आहे. माइकीचं घर खालूनच पाहिलं. लोकांचं राहतं घर आहे ते. बघ्यांना कंटाळून २०१५ साली तेव्हाच्या मालकिणीने त्यावर निळी ताडपत्री ओढली होती.
मग कॅनन बीच. तिथला हेस्टॅक रॉक २३५ फूट उंच आहे. पोरं सायकलला टांग मारून किनाऱ्यावर पोचतात, पण ॲस्टोरियाहून कॅनन बीच चांगलं ४० किमी आहे! माझ्या पर्समध्ये आजीच्या देवघरातला १९४३चा भोकाचा पैसा असतो. माइकी भोकांचं नाणं धरून खडक जुळवतो तसा मीही डोळ्याला लावला. भोक एकच, त्यातून पाऊस दिसला. नवरा गाडीतून हॉर्न वाजवत होता.

*

मी जरा विरोधी सूर लावतो. सगळी कार्टी एकाच वेळी किंचाळतात, डोकं उठतं. आणि आशियाई पोरगा म्हणजे यंत्रांचा किडा असणारच, हा त्या काळचा साचा आहे.
तरी एक हिशेब चुकता करायचाय. शेवटी तोच पोरगा, डेटा, वार्ताहरांना ऑक्टोपसबद्दल सांगतो. कुठला ऑक्टोपस? मी चार वेळा कॅसेट मागे नेऊन शोधला, मग लायब्ररीवाल्याशी भांडलो की तुम्ही प्रिंट कापलीत. तो बिचारा निर्दोष होता. प्रसंग चित्रित झाला होता, संकलनात उडाला, वाक्य तेवढं राहून गेलं.

*

त्याच 'साच्यातल्या' पोराबद्दल लिहिते. मार्च २०२३, सोमवारची सकाळ. मुलाचा डबा भरत होते आणि टीव्हीवर डेटा झालेल्या के हुई क्वानला ऑस्कर मिळालं. आपला प्रवास एका बोटीवर सुरू झाला, वर्षभर निर्वासितांच्या छावणीत होतो, असं तो रडत रडत सांगत होता. माझी भाजी करपली. मधली कित्येक वर्षं त्याला धड काम नव्हतं. आणि ज्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, त्याचा करार कोणी बघितला? जेफ कोहेनने. म्हणजे 'गूनीज'मधला आपला गुबगुबीत चंक! मोठा होऊन वकील झालाय.

*

पोरांना शेवटी सापडतं त्या चाच्यांच्या जहाजाचं कोणीच लिहिलं नाही? स्टुडिओत अख्खं बांधलं होतं आणि चित्रणापर्यंत मुलांना दाखवलंच नव्हतं, म्हणून ते चेहरे तसे आहेत. पुढे ते न्यायला कोणी तयार होईना, मोडून टाकलं. हे वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. बायको हसते.

*

गिरगावकर, वडिलांचं वाचून राहवत नाही. चाळीचं पुढे काय झालं?

*

ताई, सही करावी लागली. सात वर्षं भाड्याच्या घरात काढली, मग ताबा मिळाला, अकराव्या मजल्यावर. वडील होते तोवर मिळाला. लिफ्टला मात्र ते शेवटपर्यंत भुयारच म्हणायचे.