१८९९ चा सुवानी संघ: सहा दिवसांत पाच सामने, आणि ते गुण मोजायचे कसे?

निळी_टोपी:
टेनेसीतल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथच्या, म्हणजे सुवानीच्या, १८९९ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामाचे निकाल बघतोय. १२ सामने, १२ विजय, एकूण ३२२ विरुद्ध १० गुण. पण ५–०, ११–१०, २३–० हे आकडे आजच्या गुणपद्धतीने वाचायचे की वेगळ्या, ते कळत नाही. आणि ९ ते १४ नोव्हेंबरमध्ये पाच सामने त्याच मुलांनी कसे काढले? तेव्हाचा खेळ सोपा होता का?

गोलखांब:
आजची गुणपद्धत बाजूला ठेवा. तेव्हा टचडाऊनचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याचे) ५, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे (चालू खेळात खांबांमधून मारलेल्या किकचे) ५ आणि सेफ्टीचे (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवण्याचे) २ गुण असत. टचडाऊनला ६ गुण १९१२ पासून. म्हणून १२–० म्हणजे बहुधा दोन टचडाऊन आणि दोन्ही किक यशस्वी. २३ म्हणजे पाच-पाचाचे चार आणि वरचे तीन.

हा एक गुण आजच्याइतका हमखास नव्हता. टचडाऊन जिथे झालं त्याच रेषेत मागे जाऊन किक मारावी लागे, रग्बीत आजही लागते तशी. कोपऱ्यात टचडाऊन झालं की कोन फार तिरका. मग चेंडू उंच मारून आपल्याच खेळाडूकडून समोरच्या जागी झेलून घ्यायचा आणि तिथून किक, असाही मार्ग होता. झेल सुटला की तो गुण गेला. अलाबामातल्या ऑबर्न कॉलेजविरुद्धचं ११–१० त्यामुळेच वाचनीय आहे. दोन्हीकडे पाच-पाचाचे दोन, फरक फक्त एका किकचा.

रेल्वेवेडा:
दौऱ्याचा क्रम असा: ९ तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सास १२–०, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम १०–०, ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये तुलेन २३–०, १२ ला रविवार म्हणून सुट्टी, १३ ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ३४–०, १४ ला मेम्फिसमध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) १२–०. जाऊन-येऊन सुमारे २,५०० मैल, सगळे आगगाडीने. एक सामना संपला की रात्रीची गाडी, झोप डब्यातच. पाणी बाधून सगळा संघ आडवा पडू नये म्हणून सुवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत नेलं होतं.

मूळ कारण पैसा. टेनेसीतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या मिळकतीवरून बिनसलं, तो सामना रद्द झाला. विद्यार्थी व्यवस्थापक ल्यूक ली याने तूट भरून काढायला हा दौरा जुळवला. एवढ्या लांब जायचं तर एका सामन्यात भाडं सुटत नाही, म्हणून वाटेतले सामने एकापाठोपाठ एक लावले. (हाच ली पुढे टेनेसीचा सिनेटर झाला.)

तिसरा_डाऊन:
सोपा मुळीच नव्हता. नियमाने ३५ मिनिटांचे दोन भाग, फार तर दोन्ही संघांच्या संमतीने वेळ कमी होई. बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे, त्यामुळे तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. हेल्मेटची सक्ती कॉलेज फुटबॉलमध्ये १९३९ साली आली.

चेंडू पुढच्या दिशेने फेकून पास द्यायला १९०६ पर्यंत बंदी होती. तीन डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, ५ यार्ड मिळवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी गर्दीत घुसून दोनेक यार्ड ओढून काढायचे. मार सगळा मधल्या फळीला बसतो. म्हणून मला त्या पाच सामन्यांत विजयांपेक्षा समोरची पाच शून्यं जास्त मोठी वाटतात. थकलेला संघ आधी बचावात फुटतो, हा फुटला नाही. प्रशिक्षक बिली सूटर आणि कर्णधार हेन्री साइबेल्स यांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

निळी_टोपी:
म्हणजे हंगामभरात समोरच्यांनी केलेले सगळे १० गुण एकट्या ऑबर्नचे?

गोलखांब:
हो. ३० नोव्हेंबर, माँटगोमेरी. ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइझमन, पुढे ज्याच्या नावाची, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ट्रॉफी निघाली तोच. आणि दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलिना ५–०. टचडाऊन आणि फील्ड गोल दोन्ही पाचाचेच असल्याने नुसत्या ५–० वरून गुण कसे आले ते सांगता येत नाही. अशा ठिकाणी त्या दिवसाचा वृत्तान्त काढून बघावा, गुणतक्त्यावर विसंबू नये.

तिसरा_डाऊन:
शोधताना एक जपा: नंतरचे आकडे बघून हा संघ कमी लेखू नका. १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या संस्थापकांत सुवानी होतं, पण तिथले ३७ पैकी ३७ सामने हरून १९४० मध्ये बाहेर पडलं. तोवर मोठ्या विद्यापीठांचे संघ फार पुढे गेले होते आणि हे कॉलेज छोटंच राहिलं होतं.