इन्सासचं खापर ५.५६ च्या डोक्यावर का फोडता?

पाषाणकर
लष्कराने २०१९ मध्ये ७.६२ मिलिमीटरच्या ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या, २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३ हजार. तेव्हापासून जो तो एकच टेप वाजवतोय: आपल्या इन्सास रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी कुचकामी होती, शेवटी ७.६२ वर परतावंच लागलं. मला हे साफ अमान्य आहे. इन्सास बदनाम झाली ती कारगिलच्या थंडीत मॅगझीन तडकायचं, रायफल अडकायची म्हणून. वर फुल ऑटो नाही, म्हणजे घोडा दाबून धरला तरी सलग गोळ्या सुटत नाहीत; घोडा दाबला की तीन गोळ्या आणि थांब. यातलं एकही दुखणं काडतुसाचं नव्हतं.

आता वजन बघा. ५.५६×४५ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, ७.६२×५१ चं जवळपास दुप्पट. दोनशे गोळ्या घेतल्या तर इकडे अडीच किलो, तिकडे पाच, आणि यात मॅगझीन धरलेलीच नाहीत. अमेरिका व्हिएतनामच्या काळात एम-१६ वर गेली, पुढे नेटोने ५.५६ प्रमाण मानली, ती याच हिशेबाने. गोळ्या जास्त नेता येतात आणि धक्का कमी, म्हणून दुसरी गोळीही पहिलीच्या आसपास जाते. बोला आता.

सातारी_फौजी
साहेब, हिशेब कागदावर झकास आहे. मी एसएलआरही चालवली (इन्सासच्या आधीची, ७.६२×५१ ची रायफल), इन्सासही. एसएलआरचा धक्का खांद्याला चांगला लक्षात राहायचा, तरी पोस्टवर हातात तीच असावी असं वाटायचं. कारण सांगतो. एलओसीवर तुम्ही डोंगराच्या या धारेवर, समोरचा त्या धारेवर, मध्ये नाला. अंतर चारशे-पाचशे मीटर, नाल्यातून वारा सुटलेला, आणि समोरचा दगड रचून त्याच्याआड बसलेला. तिथे ४ ग्रॅमची गोळी आणि साडेनऊ ग्रॅमची गोळी यात काय फरक पडतो ते दगडाचे कपचे उडताना बघितल्यावर कळतं. आणि तुमच्या त्या दोनशे गोळ्या पोस्टवर पाठीवर नसतात हो, पेटीत असतात.

दुसरं एक. ‘शत्रू मारू नका, जखमी करा, त्याला उचलायला आणखी दोघं गुंततात’ हे ५.५६ चं कौतुक आम्ही क्लासमध्ये ऐकलंय. अतिरेकी कुणाला उचलायला थांबतात? जखमी असला तरी तो बोट घोड्यावरच ठेवतो.

गडबडे
फौजी काकांना +१. काश्मीरमध्ये जवान इन्सास ठेवून एके-४७ मागायचे, हे जगजाहीर आहे. एके ७.६२ चीच ना? मग विषय संपला की.

पाषाणकर
गडबडे, संपला कुठला! ७.६२ हा नुसता गोळीचा व्यास. एकेचं काडतूस ७.६२×३९, सिगचं ७.६२×५१. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही. एकेची ८ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सातशे-सव्वासातशे मीटरने निघते, ऊर्जा साधारण २,००० ज्यूल. सिगची ३,००० च्या वर. ५.५६ ची १,७०० च्या आसपास. म्हणजे एके कुणाच्या शेजारी बसते ते बघा. वर ३०० मीटरच्या पुढे एकेची गोळी ५.५६ पेक्षा जास्त खाली येते. जवानांनी एके मागितली ती चिखलमातीत अडत नाही, मॅगझीनमध्ये ३० गोळ्या असतात आणि फुल ऑटो चालते म्हणून. हे सगळे रायफलचे गुण. मी तेच तर म्हणतोय.

फौजी साहेब, ‘जखमी करा’ची कथा मीही ऐकली आहे, पण ते ५.५६ निवडण्याचं कारण नव्हतंच, कारण वजन आणि धक्का. क्लासमधल्या दंतकथेचा दोष गोळीला देऊ नका.

दहा_पॉइंट_नऊ
मी खेळातली. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये काडतूस निवडायचा प्रश्नच नाही, नियमाने ‘.२२ लाँग रायफल’ हे एकच काडतूस. गोळी अडीच ग्रॅमची, वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला, म्हणजे वाटेत तो उंबरठा ओलांडताना गोळी डगमगत नाही. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. मग आम्ही निवडतो काय? लॉट. कंपनी तीच, डबी तीच, पण वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या दोन लॉटच्या भोकांचा गट माझ्याच रायफलमधून वेगळा पडतो. रायफल शिकंज्यात आवळतात, प्रत्येक लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्याचं भोक सगळ्यात लहान त्याच्या पेट्या उचलतात. ताकदीचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही.

तुमच्या वादात माझं मत पाषाणकरांच्या बाजूने. वारा क्लिक देऊन, म्हणजे नेम धरायची साइट थोडी सरकवून, भरून काढता येतो, पण धक्क्याला दबकून घोडा खेचायची सवय लागली तर ती मोडता मोडत नाही. भरतीतल्या नवख्या पोराला ५.५६ वर शिकवणं सोपं.

सातारी_फौजी
ताई, तुमच्या समोरचं टार्गेट उलटी गोळी मारत नाही. क्लिक द्यायला सवड कुणाला असते?

गुहागरी
इथे सगळे निवडीवर भांडताहेत. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक नाहीतर बाराबोर. कुणाला रायफल हवीच असेल तर .३१५ (हा व्यास इंचातला). ती कुणाला आवडते म्हणून नाही. इंग्रजांनी .३०३ फौजेसाठी राखून ठेवली, फौजेची गोळी बाहेर कामी येऊ नये म्हणून, आणि मग आपल्याच सरकारी कारखान्यांत .३१५ होत राहिली. आजही .३०३ आणि ७.६२ सामान्य माणसाला बंद. बाकी चालू द्या.

डॅलसचा_दादा
इकडची बातमी: ज्या अमेरिकेने जगाला ५.५६ ची सवय लावली तिनेच २०२२ मध्ये ६.८×५१ निवडली. कारण छातीवरची चिलखतं भेदायची आहेत. पाषाणकर, याचं काय करायचं?

पाषाणकर
दादा, तिच्यावरही तिथल्या लष्करातूनच टीका झाली आहे: रायफल जड, मॅगझीन २० गोळ्यांचं. म्हणजे माझंच रडगाणं.

फौजी साहेबांचं एलओसीपुरतं मी मान्य करतो. पोस्टवर ७.६२×५१ च हवी. पण घरात घुसायचं असेल, गाडीतून उतरून पळायचं असेल, तिथे ती ओझंच. आमच्या पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेने, आखलेली नवी कारबाईन (आखूड रायफल) ५.५६×४५ चीच आहे, ती उगाच नाही. कुचकामी गोळीसाठी कुणी नवं हत्यार आखतं का?

सातारी_फौजी
कारबाईनसाठी ठीक आहे, तिथे मी भांडत नाही. पण तुम्ही ‘ज्याला जी हवी ती द्या’ म्हणता तेव्हा खेचरावर पेट्या लादणाऱ्याचा विचार करा. इन्सासची ५.५६×४५, एकेची ७.६२×३९, सिगची ७.६२×५१, आणि ड्रॅगुनोव्ह या स्नायपर रायफलची परत वेगळी, ७.६२×५४. यातल्या तिघींना लोक नुसतं ‘७.६२’ म्हणतात. आता अमेठीच्या कारखान्यातल्या एके-२०३ सहा लाख येणार, त्याही ३९ च्याच. वरणगाव काय नि खडकी काय, कारखाना लागेल ते काडतूस बनवून देईल. ते धारेवर योग्य पेटीत पोचवायचं कुणी, यावर कुणी धागा काढत नाही.

गडबडे
मी काढतो. पण आधी ३९ आणि ५१ पाठ करू द्या.